पॅच आधी उलटा करून पाहा: अमेरिकी स्काउटांच्या सन्मान-मंडळांचे फ्लॅप जमवू इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांतील मुले तिथल्या स्काउट पथकांत जातात, आणि त्यांपैकी काहींच्या घरी कधी ना कधी हा प्रसंग येतो. मूल शिबिराहून परतते आणि शर्टाच्या उजव्या खिशाच्या झाकणावर शिवायला एक भरतकाम केलेला कापडी तुकडा आईच्या किंवा बाबांच्या हातात ठेवते. त्यावर एखादे कासव किंवा गरुड असतो, पहिल्या वाचनात जीभ अडखळावी असे एक नाव असते, बहुतेक वेळा एक क्रमांक असतो आणि कुठेतरी 'डब्ल्यू' हे इंग्रजी अक्षर तीन वेळा आलेले असते. या तुकड्याला संग्राहक 'लॉज फ्लॅप' म्हणतात. फ्लॅप म्हणजे खिशाचे झाकण, आणि लॉज म्हणजे 'ऑर्डर ऑफ द ॲरो' या स्काउटांच्या सन्मान-मंडळाची स्थानिक शाखा. तो काय सांगतो, त्याच्यामागे कोणता इतिहास आहे आणि असे फ्लॅप जमवायचे असतील तर सुरुवात कशी करावी, हे नवख्या माणसाला पायरीपायरीने समजावे म्हणून हा लेख लिहिला आहे. मी स्वतः ही वाट बरीच वर्षे चालतो आहे आणि माझे ठाम मत असे आहे की ज्याला पॅचचा इतिहास आणि त्याची घडण वाचता येते, त्यानेच पैसे खर्च करावेत. ज्याला अजून ते जमत नाही, त्याने आधी केवळ पाहावे, हाताळावे आणि विचारावे.

पहिली पायरी: मंडळाचा इतिहास समजून घ्या

अमेरिकेतील स्काउट संघटना १९१० साली स्थापन झाली. त्यानंतर पाच वर्षांनी, १९१५ च्या उन्हाळ्यात, फिलाडेल्फियाच्या स्काउट कौन्सिलचे, म्हणजे त्या भागातील पथके सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेचे, शिबिर डेलावेअर नदीतील 'ट्रेझर आयलंड' नावाच्या बेटावर भरले होते. अर्नर गुडमन हे शिबिरप्रमुख होते आणि कॅरल एडसन हे त्यांचे सहायक. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होते. शिबिरातील जी मुले स्काउटची शपथ आणि नियम रोजच्या वागण्यात खरोखर उतरवतात, त्यांचा गौरव कसा करावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पदके आणि कौशल्याचे बिल्ले तर होतेच, परंतु दुसऱ्याचे ओझे न सांगता उचलणाऱ्या मुलासाठी त्यांत जागा नव्हती. या दोघांनी काढलेला मार्ग त्या काळाच्या मानाने धाडसी होता, कारण सन्मानास पात्र कोण हे शिबिरप्रमुखांनी ठरवायचे नाही, तर तंबूत सोबत राहणाऱ्या मुलांनी मत देऊन ठरवायचे, असे त्यांनी ठरवले. १६ जुलै १९१५ रोजी त्या बेटावर पहिला दीक्षाविधी झाला, आणि त्यातून जी संघटना उभी राहिली तिला आज 'ऑर्डर ऑफ द ॲरो' म्हणतात.

आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये राज्य पुरस्कार किंवा राष्ट्रपती पुरस्कार मिळवायचा असेल तर ठरलेला अभ्यासक्रम पुरा करून चाचण्या द्याव्या लागतात. या मंडळात मात्र ठरावीक पात्रता, म्हणजे ठरलेली स्काउट श्रेणी आणि तंबूत काढलेल्या ठरावीक रात्री, पूर्ण केल्यावरही सोबत्यांच्या मताशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मत देणाऱ्यांपैकी बहुतेक मुले स्वतः मंडळाची सदस्य नसतात. फ्लॅपला त्याच्या मालकाच्या मनात इतकी जागा का असते, याचे कारण मला इथे सापडते.

ते तीन 'डब्ल्यू' म्हणजे मंडळाच्या मूळ नावातील तीन शब्दांची आद्याक्षरे. लेनापी या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून घेतलेले हे शब्द बंधुता, प्रसन्नता आणि सेवा या अर्थाने वापरले गेले. डेलावेअर नदीच्या खोऱ्यात लेनापी लोक पूर्वापार राहत होते आणि गुडमन-एडसन यांनी विधींची भाषा व प्रतीके त्यांच्या परंपरेतून उचलली. फिलाडेल्फियाच्या पहिल्या लॉजचे नाव 'उनामी', क्रमांक १ आणि चिन्ह कासव आहे, कारण लेनापींच्या ज्या शाखेला उनामी म्हटले जाई तिचे कुलचिन्ह कासव होते. पुढे देशभर ज्या लॉज निघाल्या त्यांनीही आपापल्या भागातील मूळनिवासी भाषांतून नावे घेतली. या उसनवारीबद्दल मूळनिवासी समाजांतून अनेकदा आक्षेप घेतले गेले आहेत, आणि अलीकडच्या काळात मंडळाने पोशाख व विधींसंबंधीचे आपले नियम बदलले आहेत. संग्राहकाने हा भाग टाळून पुढे जाऊ नये असे मला मनापासून वाटते. ज्या फ्लॅपवर एखाद्या जमातीचे नाव आहे, ती जमात कोण होती आणि आज कुठे आहे, हे शोधणे हा संग्रहाचाच भाग मानावा.

संघटनेच्या वरिष्ठांना आरंभी अशा 'गुप्त' वाटणाऱ्या मंडळांविषयी धास्ती होती. त्यामुळे मान्यता टप्प्याटप्प्याने मिळाली: १९२१ मध्ये फिलाडेल्फियात लॉजांची पहिली राष्ट्रीय बैठक झाली, १९२२ मध्ये प्रयोग म्हणून परवानगी मिळाली, १९३४ मध्ये अधिकृत उपक्रमाचा दर्जा मिळाला आणि १९४८ मध्ये हे मंडळ संघटनेत पूर्णपणे सामावले गेले. ही वर्षे पाठ करून ठेवा. एखादा पॅच कोणत्या काळातील असू शकतो आणि कोणत्या काळातील असूच शकत नाही, याचा पहिला अंदाज त्यांवरूनच बांधता येतो.

दुसरी पायरी: प्रांतोप्रांतीची इतर मंडळे ओळखा

ऑर्डर ऑफ द ॲरो देशव्यापी होण्याआधी, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, निरनिराळ्या शहरांतील कौन्सिलांनी आपापली मंडळे काढली होती. त्यांतील बहुतेक काळाच्या ओघात विरली किंवा मोठ्या मंडळात मिसळली. सिनसिनाटीचे 'कु-नि-ए' आणि टोलेडोचे 'गिमोगॅश' ही नावे आज मुख्यतः संग्राहकांच्याच तोंडी आहेत. अशा विझलेल्या मंडळांच्या खुणा कमी उरल्या आहेत, त्यामुळे त्या मिळाल्या तर जपाव्यात, परंतु नवख्याने त्यांच्या मागे लागू नये, कारण तुलना करायला हाताशी दुसरा नमुनाच नसतो.

दोन मंडळे मात्र आजही जोमात आहेत. इंडियानापोलिसच्या परिसरात फ्रान्सिस बेल्झर यांनी १९२० मध्ये 'फायरक्राफ्टर' सुरू केले. त्यात काडेपेटीवाचून, लाकडावर लाकूड घासून अग्नी पेटवण्याच्या कौशल्याला मान आहे. त्याच कौन्सिलमध्ये ऑर्डर ऑफ द ॲरोची 'जॅकोस टाउन' ही लॉजही आहे, म्हणजे एकाच मुलाच्या वाट्याला दोन वेगवेगळे सन्मान येऊ शकतात. दुसरे मंडळ मिसुरी राज्यातील 'मिक-ओ-से'. रो बार्टल यांनी ते १९२५ मध्ये सेंट जोसेफ इथे सुरू केले आणि पुढे कॅन्सस सिटीला नेले. हे बार्टल नंतर कॅन्सस सिटीचे महापौर झाले. 'चीफ' हे त्यांचे टोपणनाव इतके रूढ होते की १९६३ मध्ये शहरात आलेल्या अमेरिकी फुटबॉलच्या संघाला 'चीफ्स' हे नाव त्यावरून पडले. मिक-ओ-सेचे सदस्य गळ्यात चामड्याच्या दोरीत ओवलेले नख आणि मणी घालतात. तिथे ओळख पॅचपेक्षा त्या नखाने होते, आणि ते नख एकेका माणसाने कमावलेले असल्यामुळे मी तरी ते विकत घेत नाही.

तिसरी पायरी: संग्रहाची मर्यादा आखून घ्या

लॉजांचे क्रमांक एकापासून सुरू होऊन साडेपाचशेच्याही पुढे गेले. हवाईच्या लॉजचा क्रमांक ५६७ आहे. प्रत्येक लॉजने काळानुसार अनेक फ्लॅप काढले, शिवाय वर्धापनदिनांचे, शिबिरांचे आणि मेळाव्यांचे वेगळे. सर्व काही जमवू म्हणणाऱ्याचा संग्रह दोन वर्षांत पेट्यांचा ढीग होतो. म्हणून एखादा धागा धरावा. तुमचे मूल ज्या लॉजमध्ये आहे, तिचेच सर्व फ्लॅप ही सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत समाधान देणारी सुरुवात आहे, कारण त्या लॉजमधील ज्येष्ठ मंडळी गावातच भेटतात आणि प्रत्येक फ्लॅपची हकीकत सांगू शकतात. कुणी एका राज्यापुरते मर्यादित राहतो, कुणी फक्त कासवांचे फ्लॅप घेतो, तर कुणी २०१५ च्या शताब्दीला निघालेले. त्या वर्षी मिशिगन स्टेट विद्यापीठात मंडळाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते आणि अनेक लॉजांनी त्या निमित्ताने खास फ्लॅप काढले.

बंद झालेल्या लॉजांचा धागाही फार सुंदर आहे. १९९६ मध्ये फिलाडेल्फिया आणि व्हॅली फोर्ज या दोन कौन्सिलांचे विलीनीकरण झाले आणि त्यापाठोपाठ व्हॅली फोर्जची 'डेल्मॉन्ट' लॉज उनामीत मिसळली. डेल्मॉन्टच्या नावाचे जुने फ्लॅप तेवढे मागे राहिले. कौन्सिलांची विलीनीकरणे अजूनही होत असतात, म्हणून आज सहज मिळणारा फ्लॅप उद्या याच वर्गात जाऊ शकतो.

चौथी पायरी: पॅच वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचावा, आणि शक्य असल्यास हातात एक-दोन पॅच व एक साधे भिंग घेऊन वाचावा.

सुरुवातीच्या दशकांत लॉजांचे पॅच फेल्टचे, लोकरी रोवांचे, गोल किंवा बाणाच्या टोकाच्या आकाराचे असत. खिशाच्या झाकणाच्या आकाराचा फ्लॅप १९५० च्या दशकात रुळला आणि मग त्याचीच चलती झाली. त्यामुळे एखाद्या फ्लॅपला कुणी १९३० च्या दशकातला म्हणत असेल, तर तिथेच थांबावे.

आता पॅचची दर्शनी बाजू पाहा. काही फ्लॅपवर पार्श्वभूमीचे कापड उघडे दिसते आणि त्यात ट्विलच्या तिरप्या रेघा स्पष्ट उमटलेल्या असतात, म्हणजे भरतकाम फक्त चित्र आणि अक्षरांपुरते असते. काही फ्लॅपवर मात्र तसूभरही कापड दिसत नाही, सगळा पृष्ठभाग धाग्याने भरलेला असतो. संग्राहकांच्या सूचीत पहिल्या प्रकाराला 'एफ' आणि दुसऱ्याला 'एस' हे अक्षर लावतात. गोल पॅचला 'आर', बाणाच्या टोकासारख्याला 'ए', लोकरी रोवांच्या पॅचला 'सी' आणि जाकिटावरच्या मोठ्या पॅचला 'जे'. अक्षरापुढचा आकडा साधारणपणे त्या प्रकारातील क्रम दाखवतो, म्हणून 'एस १' म्हटले की त्या लॉजचा पहिला पूर्ण भरलेला फ्लॅप समजायचा. काठाचा रंग बदलला किंवा एखाद्या अक्षराच्या धाग्याची छटा बदलली, तरी सूचीत वेगळी नोंद होते. नवख्याला हा कीस काढण्याचा प्रकार वाटतो, पण एकाच चित्राच्या दोन फ्लॅपांच्या किमतींत फार मोठा फरक पडतो तो बहुतेकदा अशाच एका छटेमुळे.

त्यानंतर काठ पाहा. जुन्या पॅचचा काठ भरून झाल्यावर कापड त्या रेषेलगत कापलेले असे. भिंगाखाली कडेला कापडाचे बारीक सूत सुटलेले दिसते. याला कापीव काठ म्हणतात. नंतरच्या पॅचना जाड, गोलसर, दोरीसारखा काठ आला. धागा कडेवरून गुंडाळत जाणाऱ्या यंत्राने तो घालतात आणि यंत्र बनवणाऱ्या मेरो कंपनीच्या नावावरून त्याला मेरो काठ हे नाव पडले. जिथे हा काठ सुरू होऊन संपतो तिथे मागच्या बाजूला धाग्याची एक छोटी शेपटी उरते. ती बहुधा चिकटपट्टीने किंवा डिंकाने दाबलेली असते. कापीव काठ जुना आणि मेरो काठ नवा, हा ढोबळ नियम आहे, परंतु अलीकडे जुन्या धाटणीच्या हौसेने मुद्दाम कापीव काठाचेही फ्लॅप काढले जातात, म्हणून एकट्या काठावर निर्णय देऊ नये.

मग पॅच उलटा करा. जुन्या पॅचच्या मागे कापडच दिसते किंवा पट्टीच्या जाळीदार कापडासारखे विरळ अस्तर असते आणि धाग्यांच्या गाठी व उड्या उघड्या दिसतात. १९७० च्या दशकापासून मागे प्लास्टिकचा पातळ थर देण्याची पद्धत रूढ झाली. बोट फिरवले तर तो गुळगुळीत लागतो आणि पॅच ताठ राहतो. १९५० च्या दशकातला म्हणून दाखवलेल्या फ्लॅपच्या पाठीवर प्लास्टिकची चकाकी दिसली, तर त्या दाव्यावर विश्वास ठेवायचे कारण उरत नाही. शर्टावर शिवलेल्या पॅचच्या कडेला सुईची भोके, गंज किंवा उसवलेल्या धाग्याचे अवशेष असतात. त्याने किंमत कमी होते हे खरे, परंतु असा पॅच कुणीतरी छातीवर मिरवला होता याची ती खूण आहे, आणि मला स्वतःला असे पॅच अधिक प्रिय आहेत.

शेवटची परीक्षा अतिनील दिव्याची. खोलीत अंधार करून पॅचवर हा छोटा दिवा धरला की अनेक नवे कृत्रिम धागे निळसर पांढरे चमकतात, कारण त्यांत उजळपणा आणणारी द्रव्ये असतात. जुन्या धाटणीचा सुती धागा सहसा मंद राहतो. मी सुरुवातीच्या काळात एका मेळाव्यात एका लॉजचा पहिला फ्लॅप म्हणून एक पॅच बरीच रक्कम देऊन घेतला होता. काठ कापीव होता, कापड खाकी होते, कडेला पिवळटपणाही होता. घरी येऊन दिवा धरला तर तीनही 'डब्ल्यू' दिव्यासारखे उजळले, आणि भिंगाखाली पाहिल्यावर पिवळटपणा पुढच्या बाजूलाच होता, मागे अजिबात नव्हता. वयाने आलेला रंग एका बाजूला थांबत नाही. तो चहाच्या पाण्याचा असावा. विकणारा माणूस पुन्हा भेटला नाही. तेव्हापासून दिवा आणि भिंग दोन्ही खिशात असल्याशिवाय मी मोठी खरेदी करत नाही. इथे एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे: कपडे धुण्याच्या साबणपुडीतही तीच उजळवणारी द्रव्ये असतात, त्यामुळे शर्टासकट धुतलेला अस्सल जुना पॅचही चमकू शकतो. काठ, पाठ, कापड आणि दिवा या चारही साक्षी एकत्र ऐकून मगच मत बनवावे.

नकलांचे प्रकारही ओळखून घ्या. जुना म्हणून फसवण्यासाठी केलेला तो बनावट पॅच. 'पुनर्निर्मिती' असे उघड सांगून केलेला पॅच निराळा, त्यात फसवणूक नसते. लॉजच्या परवानगीवाचून एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या खर्चाने काढलेला तो खाजगी पॅच, आणि गमतीखातर केलेल्या विडंबनालाही संग्राहकांत वेगळे नाव आहे. बनावट सोडून बाकीचे जमवायला हरकत नाही, फक्त वेगळ्या पानावर आणि स्वच्छ नोंद करून ठेवावेत.

पाचवी पायरी: देवाणघेवाण

पॅच मिळवण्याचा मूळ मार्ग विकत घेण्याचा नव्हे, अदलाबदलीचा आहे. मेळाव्यांत मुले जमिनीवर ब्लँकेट अंथरतात, त्यावर आपले जास्तीचे पॅच मांडतात आणि एकाला एक या हिशेबाने सौदे होतात. मोठ्यांसाठी 'ट्रेड-ओ-री' नावाच्या खास बैठका भरतात, तिथे टेबले लागलेली असतात आणि अल्बम उघडे ठेवलेले असतात. पहिल्या दोन बैठकांना काही न घेता केवळ फिरावे. विचारल्यावर जुने संग्राहक मोकळेपणाने शिकवतात.

एक शिस्त कधीही मोडू नये: प्रौढांनी प्रौढांशीच अदलाबदल करावी, मुलांशी करू नये. मोठ्या स्काउट मेळाव्यांत हा नियम सांगितला जातो आणि तो योग्यच आहे, कारण बारा वर्षांच्या मुलाला आपल्या हातातील जुन्या पॅचची किंमत ठाऊक नसते. तुमच्या मुलालाही हे दोन शब्दांत सांगून ठेवा, आणि एखादा मोठा माणूस त्याच्या एका फ्लॅपसाठी मूठभर चकचकीत नवे पॅच देऊ करत असेल तर आधी घरी येऊन विचार, असेही सांगा. काही फ्लॅप एका सदस्याला एकच, किंवा ठरावीक सेवा केल्यावरच मिळतात. ते मागून घेण्याचा आग्रह धरू नये. हेच पांढऱ्या पट्ट्याबाबत. पांढऱ्या कापडावर लाल बाण असलेला हा पट्टा सदस्य उजव्या खांद्यावरून घालतात. बाणाच्या दोन्ही टोकांशी आडव्या रेघा असतील तर ती सदस्यत्वाची पुढची पायरी, आणि बाणावर त्रिकोण असेल तर 'व्हिजिल' हा सर्वोच्च सन्मान. गुडमन यांना तो १९१५ मध्येच मिळाला होता. जुने पट्टे बाजारात येतात, पण ते घेताना ज्याचे होते त्याच्या घरच्यांची इच्छा विचारावी, असा माझा रिवाज आहे.

सहावी पायरी: जपणूक आणि नोंद

पॅच धुऊ नका आणि इस्त्री करू नका. मळलेला पॅच मळलेलाच राहू द्या, कारण जुन्या लाल धाग्याचा रंग पाण्याने शेजारच्या पांढऱ्यात उतरतो आणि तो डाग पुन्हा निघत नाही. शर्टावर शिवलेला पॅच उसवायचाच असेल तर काठाचा धागा कापू नका, शर्टाच्या आतल्या बाजूने शिवणीचा एकेक टाका कापा. ठेवण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनची खिसेवाली पाने घ्यावीत. पीव्हीसीची स्वस्त पाने काही वर्षांनी चिकट होतात आणि पॅचच्या प्लास्टिक पाठीला धरून बसतात. ज्यांचा संग्रह पुण्या-मुंबईच्या घरी ठेवलेला असेल त्यांनी पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळेवर बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या मात्र पॅचजवळ ठेवू नयेत, कारण त्यांचा वास धाग्यात मुरतो आणि वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते.

प्रत्येक पॅचमागे त्याच खिशात एक छोटे कार्ड ठेवा आणि त्यावर पेन्सिलीने लॉजचे नाव व क्रमांक, सूचीतील अक्षर-आकडा, काठ आणि पाठीचा प्रकार, तो कुणाकडून, कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाला, हे लिहा. देणाऱ्याने काही आठवण सांगितली असेल, उदाहरणार्थ हा फ्लॅप त्याला कोणत्या शिबिरात मिळाला, त्या रात्री पाऊस होता का, सोबत कोण होते, तर तीही त्याच्याच शब्दांत तिथेच, त्याच दिवशी लिहून घ्या. घरी जाऊन लिहू म्हटले की नावे आणि वर्षे एकमेकांत मिसळतात. कार्डावर जागा पुरली नाही तर दुसरे कार्ड जोडा, आणि दोन्हींवर पॅचचा क्रमांक टाका.